लेकींनी भरलेली ओटी

लेक सासरी निघाली की माहेर तिची ओटी भरते, हा रिवाज आपल्या सीमाभागात सर्वांच्या परिचयाचा आहे. खण, नारळ, मूठभर तांदूळ एवढाच तो ऐवज. परंतु तो पदरात घेताना लेकीचे डोळे भरून येतात. लेकींनीच एकत्र येऊन माहेराची ओटी भरावी, असा उलटा प्रसंग गतवर्षी आमच्या धर्मग्रामात घडला. त्या वेळी आम्ही स्वतः कसे वागलो हे सांगितल्यावाचून ती हकीकत पुरी होणार नाही. म्हणून आरंभी आमच्या चुकीचीच कबुली देतो.

पावसाळा नुकताच सरला होता. त्या पावसात देवळाच्या आवाराची भिंत रस्त्याच्या बाजूस चांगली पंधरा हात कोसळली होती आणि तिच्या खर्चाची विवंचना आम्हांस रात्रंदिवस लागली होती. अशात टपालाने एक जाड पाकीट आले. आत एक पत्र व वहीची दोन पाने होती. पत्र आमच्या गावाहून बाहेर गेलेल्या २२ भगिनींनी मिळून लिहिले होते. त्यांतील काही मुंबईस घरोघरी स्वयंपाक करतात, काही गोव्यातील हॉटेलांत कामास आहेत, सातजणी आखाती देशांत आहेत व एक लंडनच्या इस्पितळात परिचारिका आहे. दर महिन्यास आपल्या कमाईतील एका दिवसाची मजुरी बाजूस काढायची, असे त्यांनी फोनवरून आपसांत ठरविले होते. असे करता करता ८६,००० रुपये जमले होते. ही रक्कम गावातील कोणास द्यावी याची नऊ नावांची यादी त्यांनी जोडली होती. शिवाय एक विनंती होती : गावातील ज्या दोन वृद्ध स्त्रियांस जात्यावरच्या ओव्या व लग्नातील रोसाची गाणी अजून मुखोद्गत आहेत, त्यांनी ती मुलींस शिकवावीत व त्याबद्दल त्यांस दरमहा काही मानधन मिळावे. अखेरीस लिहिले होते की, “फादरांनी यादी पाहून आपले मत कळवावे.”

आम्ही यादी पाहिली. विधवा, परित्यक्ता, एक आंधळे वृद्ध जोडपे, अंथरुणास खिळलेला एक मुलगा, अशी आठ नावे रास्त होती. परंतु पहिलेच नाव वाचून आमचा हात थबकला. ती बाई तरुणपणी मुंबईस गेली होती, तेथे कोणत्या वस्तीत राहिली हे सारा गाव जाणून होता. उतारवयात आजारी होऊन ती परत आली, व गावाच्या टोकास एका पडवीत भाड्याने राहू लागली. नळावर ती आली की इतर बायका आपल्या घागरी मागे घेत. हे सर्व आम्हांस ठाऊक होते. तरीही, किंवा त्यामुळेच म्हणा, आम्ही त्या नावापुढे पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढले आणि उत्तर लिहिले. त्यात भगिनींचे कौतुक केले, गाण्यांच्या बाबतीत “पुढे पाहू” असे सांगितले, पहिले नाव गाळणे शहाणपणाचे होईल असे सुचविले, आणि निम्मी रक्कम भिंतीस दिल्यास ती सर्वांच्याच उपयोगी पडेल, असेही जोडले. पत्र पेटीत टाकून आल्यावर आम्हांस मोठे कर्तव्य केल्यासारखे वाटले.

आमच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की, बाहेरगावी गेलेल्या माणसांनी गावास पैसा पाठविण्याची जी रीत आम्ही पाहत आलो, ती भिंतींचीच होती. गोव्यातील गावोगावच्या लोकांनी मुंबईत, विशेषतः धोबीतलावाच्या आसपास, आपापल्या गावांच्या ‘कुडी’ स्थापन केल्या. बोटीवर नोकरी शोधणाऱ्या खलाशास, स्वयंपाक्यास, वादकास तेथे अल्प भाड्यात अंग टाकण्यापुरती जागा मिळे. कोपऱ्यात गावच्या आश्रयदात्या संताची वेदी असे, रोज रात्री जपमाळ होई, आणि गावचा सण आला की येथेही साजरा होई. अशा शेकडो कुडी एके काळी गजबजलेल्या होत्या. आपल्या घाटावरच्या लोकांचीही गिरणगावात गावकरी मंडळे असत; एका खोलीत वीस-वीस माणसे पाळीपाळीने निजत आणि वर्गणी काढून गावाकडे धाडीत. आमच्या देवळातील घंटा मुंबईकरांच्या अशाच वर्गणीतून आलेली आहे. ही व्यवस्था थोर होती, यात शंका नाही. परंतु ती पुरुषांची होती. पैसा पुरुषांनी जमविला, पुरुषांनी पाठविला व गावच्या पुरुषांनी खर्च केला. म्हणून तो घंटेस, कमानीस, भिंतीस लागला.

स्त्रिया त्या काळी गेल्या नव्हत्या असे नव्हे. त्या साहेबांच्या घरी आया म्हणून गेल्या. आपल्या देशातील कित्येक आया गोऱ्या कुटुंबांबरोबर समुद्रापलीकडे विलायतेस गेल्या. काम संपताच तेथेच सोडून दिल्या गेलेल्या अशा स्त्रियांकरिता लंडनच्या हॅकनी भागात एक आश्रयगृह चाले, व त्या घरावर २०२२ साली स्मृतिफलक बसविण्यात आला आहे. मालकाच्या घरात एकटी राहणारी आया मंडळ कोठून काढणार? तिचा रुपया मनिऑर्डरीने आईच्या हाती जाई, आणि त्याची नोंद कोणत्याही वहीत होत नसे.

मुंबईतच स्त्रियांनी मिळून उभे राहण्याचे मोठे उदाहरण पुढे १९७५ साली घडले. गोव्यात जन्मलेल्या व गोवा मुक्तिलढ्यात भाग घेतलेल्या प्रेमाताई पुरव यांनी गिरणगावातील खानावळवाल्या बायकांस एकत्र करून ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ काढले. कोकणातून व घाटावरून आलेल्या या बाया एकट्या राहणाऱ्या गिरणी-कामगारांस जेवण घालीत. महिनाअखेर पैसे मिळेपर्यंत सावकाराचे व्याज त्यांच्या बोकांडी बसे. मंडळाने त्यांस बँकेचे कर्ज मिळवून देऊन त्यातून सोडविले. १९८२ मध्ये गिरण्यांचा प्रदीर्घ संप सुरू झाला आणि खानावळीतील जेवणारेच बेकार झाले, तेव्हाही त्या बायांचे हात चुलीपासून हलले नाहीत. गिरणीतून थकून आलेल्या माणसास आपल्या मुलखाची भाकरी आणि आपल्या मुलखाचे कालवण मिळे, ते या बायांच्या हातून. मुलुखाची चव त्यांनीच शहरात टिकवून धरली.

परंतु आमचे पत्र पेटीत पडले, त्या दिवशी यांतले काही आमच्या ध्यानात आले नव्हते.

तीन आठवड्यांनी उत्तर आले. ते लंडनच्या आमच्या परिचारिका भगिनीने लिहिले होते. तिचा सूर आदराचा होता, परंतु एकही शब्द गुळमुळीत नव्हता. तिने लिहिले होते की, यादी करण्याची ही पद्धत आपण स्वतःच्या डोक्यातून काढलेली नसून, आपल्याबरोबर रात्रपाळीस असणाऱ्या एका नायजेरियन सोबतिणीकडून शिकलो. ती सोबतीण एसान जमातीची. तिच्या मुलखाविषयी पुढे आम्हीही थोडी माहिती मिळविली. ती वाचकांस रुचेल म्हणून येथे देतो.

आफ्रिकेच्या पश्चिम भागात नायजेरिया हा देश आहे. त्याच्या दक्षिणेकडे एडो नावाचे राज्य आहे व बेनिन शहर ही त्याची राजधानी. तिच्या ईशान्येस एकपोमा, उरोमी, इरुआ, उबियाजा ही एसान लोकांची गावे लागतात. इंग्रज अधिकारी त्यांस ‘इशान’ म्हणत. परंपरेने असे सांगतात की, बेनिनच्या एका राजाच्या कडक हुकमांस कंटाळून यांचे पूर्वज रानात निघून गेले, आणि ‘ते पळून गेले’ या अर्थाच्या शब्दावरूनच जमातीचे नाव पडले. प्रत्येक गावास आपला स्वतंत्र राजा. त्यास ‘ओनोजिए’ म्हणतात. आपल्याकडील कोनफळाच्या जातीचा याम नावाचा कंद हे त्यांचे मुख्य पीक, आणि त्याच्या सुगीचा सण मोठा. मुखवटे घालून, कोलांट्या घेत करावयाचे त्यांचे एक नृत्य फार नावाजलेले आहे. उरोमीचे अँथनी एनाहोरो यांनी १९५३ साली नायजेरियाच्या स्वातंत्र्याचा ठराव तेथील विधिमंडळात मांडला होता. ख्रिस्तोफर ओकोजिए या एसान डॉक्टरांनी १९६० साली आपल्या लोकांचे कायदे व चालीरीती यांवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. या उरोमीलाच २००५ पासून कॅथोलिक धर्मप्रांताचे पीठ आहे, हे वाचून आमच्या वाचकांस ते गाव थोडे जवळचे वाटेल.

त्या समाजात वडिलांची मालमत्ता परंपरेने थोरल्या मुलाकडे जाते. विधवेच्या किंवा निपुत्रिक स्त्रीच्या वाट्यास काय येत असेल, हे आपल्याकडील बायकांस वेगळे सांगावयास नको. यासाठीच ब्रिटन, युरोप व अमेरिकेत गेलेल्या एसान स्त्रिया आपापल्या शहरात मंडळे करून राहतात. महिन्यातून एकदा जमतात, वर्गणी काढतात, सणास साऱ्याजणी एकाच कापडाची वस्त्रे करून नेसतात. परदेशात जन्मलेल्या मुलांस एसान भाषेत वडीलधाऱ्यांस अभिवादन कसे करावे, नाच कसा धरावा, हे शिकवितात. आणि जमलेला पैसा गावाकडच्या विधवांस, अनाथ मुलांस, अपंगांस व आजाऱ्यांस पाठवितात. त्यांच्या हिशेबी भाषा व गाणी जपणे आणि विधवेस धान्य देणे ही दोन कामे नाहीत. आमच्या भगिनीने लिहिले होते, “फादर, ती म्हणते, आमच्या मुलांना आमची बोली आली नाही, तर उद्या त्या विधवेचं पत्र कोण वाचणार?”

पुढे त्या पत्रात एक कठोर भाग होता. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून एडो राज्यातील हजारो मुली नोकरीच्या आमिषाने इटलीत व युरोपातील इतर देशांत नेण्यात आल्या व तेथे रस्त्यांवर उभ्या करण्यात आल्या. निघण्यापूर्वी त्यांस देवस्थानापुढे शपथ घालीत : प्रवासाचे कर्ज फिटेपर्यंत पळून जाणार नाही, कोणाकडे तक्रार करणार नाही, मोडलीस तर तू मरशील, तुझे घर बुडेल. साखळदंडापेक्षा ही शपथ घट्ट बसे. २००३ साली तेथे मनुष्यव्यापाराविरुद्ध कायदा झाला. बेनिन शहरात धर्मभगिनींनी परतलेल्या मुलींसाठी निवारा चालविला. अखेर २०१८ च्या मार्चमध्ये बेनिनचे राजे एवुआरे दुसरे यांनी त्या साऱ्या शपथा रद्द झाल्याचे जाहीर केले, आणि उलट त्या मुलींस विकणाऱ्यांसच शाप दिला. “परत आलेल्या अशा मुली कित्येक घरांना नको असतात,” आमच्या भगिनीने लिहिले होते. “पण माझी सोबतीण म्हणते, आमच्या मंडळाची यादी करताना ज्यांचं नाव गाव घेत नाही, त्यांच्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्यांची आठवण कुणीतरी करून देतंच.”

हे वाचून आम्ही पत्र बाजूस ठेवले, आणि आफ्रिकेतील त्या शपथेविषयी विचार करता करता आमचे मन आमच्याच जिल्ह्यात येऊन उभे राहिले. सौंदत्तीचा डोंगर आमच्याच बेळगाव जिल्ह्यात आहे. पौर्णिमेस गाड्या भरभरून माणसे तेथे भक्तिभावाने जातात. त्या भक्तीविषयी आम्हांस एक शब्दही वावगा बोलावयाचा नाही. परंतु देवीच्या नावाने गळ्यात मणी बांधून गरीब घरची कोवळी पोर वाहावयाची, आणि मग तिला मुंबई-पुण्याच्या, सांगली-मिरजेच्या वस्त्यांत पोचती करावयाची, हा व्यापार माणसांनीच केला. येथेही मुलीच्या पायांत लोखंड नव्हते. देवाच्या कोपाचे भय होते. एडोतील शपथ आणि येथील मणी, दोहोंचे काम एकच.

या अन्यायाविरुद्ध प्रथम मोठ्याने बोलणारे लोकही आमच्याच आसपासचे होते. १९७५ साली डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने गडहिंग्लज येथे देवदासींची परिषद भरली. निपाणीत प्रा. सुभाष जोशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तंबाखूच्या वखारींतील कामगार स्त्रिया आणि देवदासी या दोघींच्याही प्रश्नांस हात घातला. १९८२ साली कर्नाटकाने देवदासी वाहण्यास बंदी करणारा कायदा केला. कायद्याने मणी तुटले, पण पोट कोठून भरणार? त्याचे उत्तर त्या स्त्रियांनीच दिले. १९९७ साली घटप्रभा येथे पूर्वीच्या देवदासींची स्वतःची संस्था उभी राहिली. बचत, कर्ज, शेळ्या, मुलांच्या शाळा अशी कामे तिने हाती घेतली आणि नव्याने मुली वाहिल्या जाऊ नयेत म्हणून गावोगाव पहारा ठेवला. वयाच्या सातव्या वर्षी वाहिल्या गेलेल्या, चिकोडी तालुक्यातील कब्बूरच्या सीतव्वा जोडट्टी या त्या संस्थेच्या प्रमुख झाल्या, आणि २०१८ साली भारत सरकारने त्यांस पद्मश्री दिली. बेनिनच्या राजाने शपथा मोडल्या, तेही हेच वर्ष.

हे सर्व आम्हांस पूर्वीपासून ठाऊक होते. आम्ही प्रवचनांतही कधीमधी त्याचा उल्लेख केला होता. परंतु आमच्याच गावाच्या टोकास पडवीत राहणाऱ्या त्या बाईचे नाव समोर आले, तेव्हा ही सारी माहिती आमच्या कामी आली नाही. पेन्सिल मात्र आली.

ती बाई देवदासी नव्हती. देवळाशेजारच्या आळीत, आमच्याच माणसांत जन्मलेली. बाप लवकर गेला, आई निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत कामास जाई. तंबाखू झाडून-चाळून काढताना उडणारी धूळ वर्षानुवर्षे छातीत साठली व आई खोकून खोकून गेली. पंधरा वर्षांची पोर एका ओळखीच्या माणसाने ‘घरकामास नेतो’ म्हणून मुंबईस नेली. ते घर कसले होते, हे तिला तेथे पोचल्यावर कळले.

तिचे नाव पहिले का, याचे उत्तरही पत्राच्या अखेरीस होते. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या गावच्या दोन मुली नोकरीसाठी कोल्हापूरहून रात्रीच्या गाडीने निघून पहाटे दादरला उतरल्या. घ्यावयास येणारा माणूस आलाच नाही. दुसराच एक जण गोड बोलून त्यांच्या पिशव्या उचलू लागला. इतक्यात पलीकडून एक बाई आली, आणि मुलींच्या बोलण्यावरून त्या आपल्या मुलखातल्या आहेत हे ओळखून, तिने त्या माणसास चार शिव्या हासडून घालवून दिले. मुलींस चहा पाजला, टॅक्सीत बसविले, आणि धर्मभगिनींच्या वसतिगृहाच्या दारापर्यंत नेले. स्वतः मात्र फाटकाच्या आत आली नाही. “गावात मला पाहिलं म्हणून सांगू नका,” एवढेच ती जाताना म्हणाली. त्या दोन मुलींपैकी एक आता लंडनला परिचारिका आहे, दुसरी आखातात. तीस वर्षे त्यांनी आपला शब्द पाळला होता. आमच्या प्रश्नचिन्हामुळे त्यांस तो मोडावा लागला.

त्या रात्री आम्हांस नीट झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी आम्ही त्या पडवीपाशी गेलो. गेल्या तीन वर्षांत आम्ही त्या घरी फक्त एकदा, तीही दारातूनच, भेट दिली होती. बाई चुलीपुढे बसली होती. आम्हांस पाहून ती गडबडीने उठली व गोणपाट झटकून घातले.

“या की फादर, बसा. वाट चुकलासा काय?”

यात टोमणा नव्हता. असता तर बरे वाटले असते. आम्ही बसलो. मदतीची गोष्ट काढली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “पोरींनी आठवण ठेवली म्हणायची. पण फादर, देवळात माझं नाव वाचून दाखवू नका. औषधाचं तेवढं बघा, बास झालं. आनि त्या पैशातनं मला काय देतासा ते कुनाच्या हातनं देऊ नका. तुमी सवताच आनून द्या.”

तिला पैशापेक्षा कोणीतरी घरी यावयास हवे होते. दरमहा आम्ही जातो. तिच्या औषधाची चिठ्ठी घेतो, चहा घेतो. पहिल्या दोन खेपांस शेजारच्या घरांच्या खिडक्या हळूच उघडल्या. तिसऱ्या खेपेस एक शेजारीण वाटीभर आमटी घेऊन आली. नळावरच्या घागरी अजून सगळ्या मागे हटावयाच्या थांबल्या आहेत, असे आम्ही म्हणणार नाही; काही थांबल्या आहेत.

भगिनींस आम्ही दुसरे पत्र लिहिले, आणि पहिल्या पत्राबद्दल क्षमा मागितली. यादी जशीच्या तशी राहिली. भिंत अद्याप पडलेलीच आहे, व तिच्यासाठी निराळी वर्गणी चालू आहे. वाचकांनी हेही लक्षात ठेवावे.

आता व्यवहाराच्या दोन गोष्टी. इतर गावच्या भगिनी असे काही करू पाहतील, तर त्यांस त्या उपयोगी पडतील. पहिली पैशाची. परदेशातून येणाऱ्या देणगीविषयी आपल्या देशात २०१० चा कायदा आहे, आणि तो संस्थांस कसोशीने पाळावा लागतो. परदेशात राहणारी, परंतु भारताचा पासपोर्ट असलेली व्यक्ती स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत रक्कम पाठविते, तेव्हा ती परकीय देणगी धरली जात नाही. मात्र जिने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले आहे, ती जन्माने आपल्या गावची असली तरी कायद्याच्या दृष्टीने परकी ठरते, आणि केंद्र सरकारकडील नोंदणी वा परवानगी असल्यावाचून कोणतीही संस्था तिची देणगी स्वीकारू शकत नाही. आपल्या भागातील व गोव्यातील कित्येक कुटुंबांनी पोर्तुगालचे किंवा ब्रिटनचे नागरिकत्व घेतलेले आहे. त्यांनी हिशेबनिसास विचारूनच पाऊल टाकावे. आमच्या मंडळात अशी एकजण आहे. तिने पैसे देण्याऐवजी दर रविवारी परदेशातील सहा मुलांस फोनवरून मराठी शिकविण्याचे काम पत्करले आहे, आणि आमच्या मते तिची वर्गणी सर्वांत जड आहे.

दुसरी गोष्ट यादीची. मदतीची यादी गावातील मोठ्या माणसांनी करू नये. आमच्यासारख्या धर्मगुरूने तर मुळीच नव्हे. गाव सोडून गेलेल्या बाईस गावातील गरिबी नावानिशी आठवते. कोणाची चूल कोणत्या महिन्यात विझते, कोणती सून मुकाट मार खाते, हे तिने डोळ्यांनी पाहिलेले असते. आणि दूर असल्यामुळे तिला गावाची भीडही नसते. आम्हां गावातील माणसांस मात्र ती भीड पदोपदी आडवी येते. हिशेब बायकांच्या बचत गटाने ठेवावा, आणि मदत मिळालेल्यांची नावे फळ्यावर लावू नयेत.

आपल्या धर्माच्या पहिल्या शतकातही असेच एक कार्य झाले होते, याचे आम्हांस पुढे स्मरण झाले. यरुशलेमेतील गरिबांसाठी संत पौलाने दूरदूरच्या नगरांतील ख्रिस्ती मंडळींकडून वर्गणी गोळा केली होती. आणि मासेदोनियाची जी माणसे स्वतः गरीब होती, त्यांनीच आपल्या ऐपतीबाहेर दिले, असे त्याने नमूद करून ठेवले आहे. हा भाग आम्ही धर्मविद्यालयात असताना शिकलो होतो, परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिले होते. त्याचा अर्थ मात्र चाळिशी उलटल्यावर, मुंबईतल्या स्वयंपाकिणींनी व आखातातल्या मोलकरणींनी आम्हांस समजाविला.

राहता राहिली गाणी. आमचा सीमाभाग भाषेच्या बाबतीत हळवा आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव-निपाणी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेली, आणि गाव न सोडताच आमचे वाडवडील दुसऱ्या राज्याचे रहिवासी झाले. तो वाद २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात गेलेला आहे. भाषेसाठी मोर्चे निघाले, माणसांनी तुरुंग भोगला. परंतु घरातल्या म्हाताऱ्या बाईच्या तोंडची ओवी तिच्याबरोबर मातीत जाते, तिच्यासाठी मोर्चा निघत नाही. आमच्या परगावच्या भगिनींस नेमकी त्याची काळजी होती. एसान बायकांस पाहून ती त्यांच्या मनात आली असेल. किंवा परक्या भाषेत दिवसभर बोलून जीभ थकल्यावर रात्री आपोआपच आली असेल.

आता दर शनिवारी दुपारी देवळाच्या ओसरीवर दहा-बारा मुली जमतात. दोन आजी शिकवितात. त्यांतील एकीने उभा जन्म विड्या वळल्या. बोटे वाकली आहेत, पण गळा साबूत आहे. दुसरीस दमा आहे, म्हणून ती अर्धी ओळ म्हणते आणि उरलेली मुलींकडून म्हणवून घेते. एक मुलगी सगळे फोनवर ध्वनिमुद्रित करून परगावी पाठविते. मग रात्री दुबईहून, कुवेतहून, लंडनहून उलट निरोप येतात : “ती चाल तशी नाही, आमची आई अशी म्हणायची.” कधी या चालीवरून दोन देशांत भांडणही जुंपते. असले भांडण ऐकण्यात आम्हांस मोठा आनंद वाटतो.

मागील महिन्यात एका शनिवारी ओसरीच्या पायरीखाली, चपला काढतात तेथे, कोणीतरी पदर पुढे ओढून बसलेले आम्हांस दिसले. ती आमची पडवीतली बाई होती. ती गात नव्हती, नुसती ऐकत होती. रोसाच्या एका गाण्यात आजी अडखळल्या. पुढचा शब्द आठवेना. मुली वाट पाहू लागल्या. तेव्हा खालून, कोणाकडे न पाहता, त्या बाईने तो शब्द सांगितला. आजींनी मागे वळून पाहिले. क्षणभर कोणी काही बोलले नाही. मग आजी म्हणाल्या, “वर ये गं. तिथनं ऐकू येत न्हाई मला.”

ती वर आली आणि कडेला बसली. आम्ही आमच्या खोलीत परतलो, आणि टेबलावरची ती यादी पुन्हा काढली. पेन्सिलीचे चिन्ह आम्ही पूर्वीच खोडले होते. पण कागदावर त्याचा वण अजून दिसतो. तो कागद आम्ही जपून ठेवला आहे.